श्रवणयंत्राचे सेल, डोम, रिसीव्हर: इंदूरच्या बाजारात काय घ्यावं आणि काय दुकानातच ठेवावं

कानाचं मशीन घ्यायला जाताना घरातले दोघं-तिघं सोबत जातात, चार ठिकाणी किंमत विचारतात. नंतर पाच-सहा वर्षं त्या मशीनला जे सेल, डोम (कानात जाणारी सिलिकॉनची टोपी), वॅक्स गार्ड (कानातला मळ अडवणारी जाळी) आणि नळ्या लागतात, त्या मात्र जो बाजारात निघालाय तो येताना उचलून आणतो. ‘आजोबांना आताशा मशीन लावूनही ऐकू येत नाही’ अशी तक्रार आली की आधी तीन गोष्टी बघायच्या: सेल कुठला घातलाय, वॅक्स गार्ड तुंबलाय का, आणि डोम मुळात त्याच मशीनचा आहे का. यातलं एक जरी चुकलं तरी साठ हजारांचं मशीन सहाशेच्या मशीनइतकंसुद्धा काम करत नाही.

इंदुरात हा माल प्रामुख्याने तीन वाटांनी मिळतो. पहिली वाट श्रवणकेंद्राची, जिथे ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, बसतात आणि मशीन विकली जातात. दुसरी आर.एन.टी. मार्गावरचा दवा बाजार आणि गल्लोगल्लीचे मेडिकल. तिसरी ऑनलाइन. जेल रोडची इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आम्ही यात मुद्दामच धरत नाही. ती का, ते सेलच्या भागात येईल.

आमचा कौल आधीच सांगतो, म्हणजे घाईत असलेल्याचं काम होईल. सेल दवा बाजारातून किंवा चांगल्या खपाच्या मेडिकलमधून बिनधास्त घ्या, फक्त तारीख बघून. डोम आणि वॅक्स गार्ड मॉडेल नक्की माहीत असेल तर कंपनीच्या सीलबंद पाकिटात ऑनलाइन घ्यायला हरकत नाही. रिसीव्हर (कानात जाणारा छोटा स्पीकर), मोल्ड (कानाच्या मापाचा साचा), इअर हुक (मशीनला नळी जोडणारा वाकडा भाग) आणि चार्जर श्रवणकेंद्रातूनच घ्यावेत, भले दोन पैसे जास्त जावोत.

दुकानात शिरल्यावर ‘कोणत्या कंपनीचं आहे?’ असं विचारतात, आणि आपण ‘सिग्निया’ किंवा ‘फोनॅक’ सांगून मोकळे होतो. तेवढ्याने भागत नाही. एकाच कंपनीच्या एका पिढीचा डोम दुसऱ्या पिढीच्या मशीनला बसेलच असं नाही, आणि दोन वेगळ्या नावांच्या मशीनना एकच डोम बसू शकतो. जगातल्या बहुतेक मशीन पाच घराण्यांतून येतात. सोनोव्हाकडे फोनॅक आणि युनिट्रॉन. डिमांटकडे ओटिकॉन, बर्नाफोन आणि फिलिप्स हिअरलिंक. जीएनकडे रिसाउंड, बेल्टोन, इंटरटॉन. डब्ल्यूएस ऑडिओलॉजीकडे सिग्निया, रेक्स्टॉन, वाइडेक्स. स्टार्की वेगळं. एका घराण्यातल्या भावंडांचे सुटे भाग पुष्कळदा सारखे असतात, म्हणून बर्नाफोनवाल्याला ओटिकॉनचा मिनीफिट डोम चालू शकतो. पण सिग्निया आणि वाइडेक्स २०१९ साली एकत्र आले म्हणून त्यांचे डोम एक झाले, असं मात्र समजू नका. घराण्याची माहिती शोधायला उपयोगी पडते, खात्री मॉडेलवरूनच करायची.

रामबाग-लोकमान्य नगरच्या घरांतून अजून सीमेन्सची जुनी मशीन निघतात. सीमेन्सने हा व्यवसाय २०१५ साली विकला आणि २०१६ पासून तीच परंपरा सिग्निया नावाने चालू आहे. त्यामुळे ‘सीमेन्स बंद झालं, आता काही मिळणार नाही’ असं कुणी म्हणालं तर सिग्नियाच्या केंद्रात विचारा. नळी, इअर हुक असे भाग अजून मिळू शकतात. आतलं ॲम्प्लिफायर गेलं असेल तर गोष्ट वेगळी.

मॉडेल आणि सिरियल नंबर मशीनच्या पाठीवर किंवा सेलच्या झाकणाच्या आत बारीक अक्षरांत असतो. मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचा आणि तो फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. जुना डोम किंवा जुना वॅक्स गार्ड फेकून न देता पाकिटात घालून दुकानात न्या. शंभर शब्दांत सांगून जे कळत नाही ते तो तुकडा बघून कळतं.

सेल

पाकिटाच्या पट्टीचा रंग हीच सेलची ओळख. पिवळा म्हणजे १०, तपकिरी ३१२, नारिंगी १३, निळा ६७५. कंपनी कुठलीही असो, रंग तेच. ३१२ आणि १३ या दोन्हींचा व्यास ७.९ मिमी, फरक जाडीचा, ३.६ आणि ५.४ मिमी. म्हणून १३ च्या कप्प्यात ३१२ जातो, झाकणही लागतं, आणि मशीन मधेच चालतं मधेच बंद पडतं. सेल बदलूनही हा खेळ चालू राहिला तर आधी पट्टीचा रंग बघा.

खरा घोटाळा ६७५ चा होतो. या सेलचं आंतरराष्ट्रीय नाव पीआर ४४. कॅल्क्युलेटर, खेळणी, लेझर टॉर्च यांत जो सेल जातो त्याचं नाव एलआर ४४. व्यास ११.६ मिमी, जाडी ५.४ मिमी, दोन्हींची मापं तंतोतंत एक. नावात फरक एका अक्षराचा. जेल रोडवर किंवा घड्याळाच्या दुकानात ६७५ मागितला की पुष्कळदा एलआर ४४ पुढे येतो, आणि ‘एक ही साइज़ है, चल जाएगा’ असं म्हणतात. चालतोही, म्हणूनच तर माणूस फसतो. पीआर ४४ हा झिंक-एअर सेल आहे, बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन घेऊन चालतो, त्यामुळे त्याच्या पोटात जवळपास सगळी जागा जस्ताला मिळते. त्याची क्षमता ६०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असते. एलआर ४४ अल्कलाइन, क्षमता साधारण ११० ते १५०. ताकदवान मशीनला लागणारा विद्युतप्रवाह तो धड देऊ शकत नाही, आवाज फाटतो आणि सेल दोन-तीन दिवसांत संपतो. ओळखायची खूण सोपी आहे. झिंक-एअर सेलच्या सपाट, अधिक खुणेच्या बाजूला बारीक भोकं असतात आणि त्यावर रंगीत चिकटपट्टी असते. ज्या सेलला पट्टी नाही, भोक नाही, तो कानाच्या मशीनचा नव्हे.

कॉक्लिअर इम्प्लांटच्या (शस्त्रक्रियेने कानात बसवलेल्या यंत्राच्या) सेलवर चालणाऱ्या बाह्य प्रोसेसरला सहसा ६७५ लागतो, पण जास्त प्रवाह देणारा; पाकिटावर ‘इम्प्लांट’ असं छापलेलं असतं. मुख्यमंत्री बाल श्रवण योजनेतून इम्प्लांट झालेल्या मुलांच्या पालकांनी हे नीट लक्षात ठेवावं. साधा निळा ६७५ घातला तर प्रोसेसर चालू होतो आणि थोड्याच वेळात बंद पडतो, आणि पालकांना वाटतं मशीन बिघडलं.

पट्टी काढल्यावर सेल लगेच कप्प्यात घालू नका. एक-दोन मिनिटं भोकांची बाजू वर करून टेबलावर ठेवा, हवा आत शिरू द्या. घाई केली तर सेल आपल्या पूर्ण व्होल्टेजला, म्हणजे १.४ च्या आसपास, पोचायच्या आधीच त्याच्यावर भार पडतो. तेलकट बोटांनी भोकं बुजतात; पोह्यांवर शेव भुरभुरून झाल्यावर सेल बदलायला बसू नका, हात पुसून या. एकदा काढलेली पट्टी पुन्हा चिकटवून सेल ‘वाचवता’ येत नाही, आत शिरलेली हवा काम करतच राहते.

टिकण्याचा हिशोब रोज बारा-चौदा तासांच्या वापराला असा धरा: ३१२ आठवडाभर, १३ दहा ते चौदा दिवस, ६७५ दोन ते अडीच आठवडे. फोनचं बोलणं ब्लूटूथवरून सरळ मशीनमध्ये घेत असाल तर यातून दोन-तीन दिवस वजा. इंदूरच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात सेलमधला ओलावा भोकांवाटे उडतो आणि सेल आधी संपतो. पावसाळ्यात उलट होतं, तो हवेतली ओल ओढतो, कधी फुगून कप्प्यात अडकतो. अडकलेला सेल टाचणीने उकरू नका; झाकण उघडून मशीन तळहातावर हलकेच आपटा, किंवा चुंबक लावलेल्या ब्रशने ओढा. असा ब्रश साध्या दुकानातला घेतला तरी चालतो, त्यात कंपनी बघायचं कारण नाही.

सेल फ्रिजमध्ये ठेवायची पद्धत पुष्कळ घरांत आहे. ठेवू नका. बाहेर काढल्यावर त्याच्यावर दव धरतं आणि तेच भोकांवाटे आत जातं. कपाटातला सावलीचा खण पुरे.

पॉवर वन, रेयोव्हॅक, ड्युरासेल यांपैकी कुठलाही सेल ताजा असेल तर चांगला. पॉवर वन जर्मनीच्या वार्ता कंपनीचा. आमच्या मते नावापेक्षा पाकिटाच्या मागची तारीख महत्त्वाची. दवा बाजाराची जमेची बाजू ही की तिथे माल फिरता असतो, म्हणून तारीख सहसा लांबची मिळते. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये काचेमागे ऊन खात पडलेली पट्टी स्वस्त मिळाली तरी सोडून द्या. दहा पट्ट्यांचा, साठ सेलचा डबा एकाच कानाला ३१२ लागणाऱ्या माणसाला वर्षभर पुरतो. तारीख दीड-दोन वर्षं पुढची असेल तरच तो घ्या.

संपलेला सेल लगेच डब्यात टाका, उशाशी ठेवू नका. नातवंडाने गिळला, नाकात किंवा कानात घातला तर वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठायचं. बटणसेल अंगातल्या ओल्या भागाला जाळतो आणि त्यात वेळ फार थोडा असतो.

डोम आणि वॅक्स गार्ड

डोम म्हणजे कानाच्या आत जाणारी सिलिकॉनची छोटी छत्री. ओपन डोमला भोकं असतात, क्लोज्डला बारीक किंवा नसतात, पॉवर डोमला दोन थर असतात. ज्यांचे खालचे, जाड सूर शाबूत आहेत त्यांना ओपन. तोटा जास्त तसा डोम बंद. ही निवड मशीनच्या प्रोग्रामिंगचा भाग आहे, कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये डोमचा प्रकार भरूनच आवाज बसवलेला असतो. म्हणून ‘शिट्टी वाजते’ म्हणून घरीच ओपन काढून पॉवर लावला तर शिट्टी थांबते, पण स्वतःचा आवाज पिंपातून बोलल्यासारखा घुमायला लागतो. उलट केलं, पॉवरच्या जागी ओपन लावला, तर जाड सूर बाहेर गळून जातात आणि शिट्टी वाढते. प्रकार बदलायचा असेल तर ऑडिओलॉजिस्टकडून. घरी बदलायचा तो जसा होता तसाच, त्याच मापाचा. माप मिलिमीटरमध्ये असतं, ओटिकॉनच्या मिनीफिटमध्ये ६, ८, १० अशी. फोनॅकच्या मार्वल आणि पॅरेडाइजला ४.० पिढीचे डोम लागतात. त्याआधीच्या ऑडिओ बी किंवा व्हीचे डोम दिसायला तसेच, पण ते या टोकावर धरून बसत नाहीत.

धरून बसणं हाच डोमचा मोठा प्रश्न आहे. ‘सर्व ब्रँडसाठी’ असं लिहिलेली वीस-पंचवीस डोमची पाकिटं ऑनलाइन भरपूर स्वस्त दिसतात. ती आम्ही पूर्णपणे नाकारतो. आतल्या खाचेचं माप थोडं जरी सैल असलं तरी संध्याकाळी मशीन काढताना रिसीव्हर बाहेर येतो आणि डोम कानात राहतो. असं झालं तर चिमटा, केसांची पिन, काडी काही घालायचं नाही. तो आणखी आत, पडद्याकडे सरकतो. कान-नाक-घसा तज्ज्ञ तो दुर्बिणीखाली मिनिटात काढतात. नवा डोम बसवल्यावर दोन बोटांत धरून हलका ओढून बघा. टोकावर रिसीव्हरचा कडा झाकेपर्यंत तो आत ढकललेला हवा, आणि ओढल्यावर जागचा हलायला नको.

दोन-तीन महिन्यांनी डोम बदला. पिवळा पडला, कडक झाला, कडेला चिरला की आधीच.

वॅक्स गार्ड ही रिसीव्हरच्या तोंडाशी बसणारी पांढरी, दाण्याएवढी जाळी. ‘मशीन बंद पडलं’ म्हणून आलेल्या आरआयसी मशीनमध्ये (ज्याचा स्पीकर तारेच्या टोकाला, कानात बसतो) आधी हीच तपासावी. फोनॅकच्या नव्या मशीनना सेरुशील्ड डिस्क लागते, जुन्यांना सेरुस्टॉप. दोन्हींची अदलाबदल होत नाही. ओटिकॉनच्या आरआयसीला प्रोवॅक्स मिनीफिट, आणि त्यांच्याच कानात बसणाऱ्या मशीनना साधा प्रोवॅक्स. नावात ‘मिनीफिट’ आहे की नाही एवढ्यावर सगळं असतं, आणि ऑनलाइन मागवताना तिथेच चूक होते. वाइडेक्सची नॅनोकेअर.

काडीच्या रूपातला गार्ड बदलताना काडीला दोन टोकं असतात, एक रिकामं आणि एकावर नवा गार्ड. आधी डोम काढायचा. रिकामं टोक जुन्या जाळीत सरळ दाबायचं आणि सरळच ओढायचं, फिरवायचं नाही. जुना गार्ड त्या टोकावर निघून येतो. मग काडी उलटी करून नवा गार्ड सरळ दाबायचा आणि काडी काढून घ्यायची. सेरुशील्डची डिस्क गोल असते, आठ गार्डांची. ती फिरवली की रिकामी जागा दिसते, तिथे जुना गार्ड अडकवून काढायचा, मग बाजूच्या नव्यावर रिसीव्हर दाबून तो बसवायचा. काम वर्तमानपत्रावर नको, गडद रंगाच्या टॉवेलवर करा. पांढरा गार्ड पांढऱ्या कागदावर पडला की सापडत नाही. आईचे हात थरथरत असतील तर महिन्याची एक तारीख ठरवून हे काम घरातल्या दुसऱ्याने करावं.

एक काम मात्र कुणीही करू नये: जुना गार्ड काढून नवा न घालता ‘आता चांगलं ऐकू येतंय’ म्हणून तसंच वापरणं. जाळीशिवाय मळ थेट रिसीव्हरमध्ये जातो आणि पन्नास-शंभर रुपयांच्या जाळीपायी काही हजारांचा रिसीव्हर जातो. मळाने बंद पडलेला रिसीव्हर वॉरंटीत बसेलच असं नाही, ते खरेदीच्या वेळीच विचारून ठेवा.

रिसीव्हर

आरआयसी मशीनची तार आणि टोकाचा स्पीकर मिळून रिसीव्हर. यात चार गोष्टी एकदम जुळाव्या लागतात: पिढी, ताकद, लांबी आणि बाजू.

बाजू सोपी, लाल उजवा, निळा डावा, सगळीकडे. लांबी आकड्यांत असते, ०, १, २, ३ अशी, तारेवर किंवा जोडाजवळ छापलेली. तार लांब झाली तर ती कानावरून बाहेर कमानीसारखी उभी राहते आणि चावताना रिसीव्हर हळूहळू बाहेर सरकतो. आखूड झाली तर मशीन कानामागून वर ओढलं जातं आणि चष्म्याची दांडी त्याला घासते. ताकद फोनॅकमध्ये एस, एम, पी, यूपी अशी. ओटिकॉनमध्ये ६०, ८५, १००, १०५. इथे लोक चुकतात ते असं, की ‘ऐकू कमी येतंय, तर जास्त ताकदीचा द्या’. रिसीव्हर बदलून पुढच्या ताकदीचा लावला आणि सॉफ्टवेअरमध्ये सांगितलं नाही, तर मशीन जुन्याच हिशोबाने आवाज पाठवत राहतं. काही मशीन नवा रिसीव्हर ओळखून बोलायचंच थांबवतात. ताकद बदलायची तर आधी ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, नवा करा, मग फोनॅकचं टार्गेट, ओटिकॉनचं जिनी, सिग्नियाचं कनेक्स यांसारख्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये फीडबॅक टेस्ट (शिट्टीची तपासणी) पुन्हा व्हायला हवी. ही टेस्ट न करता हातात मशीन देणारं केंद्र आम्ही चांगलं म्हणणार नाही, मग त्यांचा दर कितीही कमी असो. तशाच ताकदीचा, तशाच लांबीचा रिसीव्हर बदलला असेल तरीही टेस्ट करून घ्यावी, पाच मिनिटांचं काम आहे.

यूपीसारख्या मोठ्या ताकदीला डोम नव्हे, कानाच्या मापाचा मोल्ड लागतो. डोम लावून दिला तर शिट्टी ठरलेलीच.

सुटा रिसीव्हर ऑनलाइन मिळतो, चित्रही हुबेहूब असतं. पण फोनॅकचा जुना एक्सरिसीव्हर आणि ४.० यांचे जोड वेगळे. ओटिकॉनमध्येही मिनीफिट आणि मिनीफिट डिटेक्ट बाहेरून सारखे वाटतात, पण मॉडेलनुसार कुठला ते ठरतं. परतीचा माल सीलबंद नसेल तर कुणी घेत नाही. म्हणून हा भाग दुकानात बसूनच बदला.

मोल्ड, नळी आणि हुक

कानामागचं जाड मशीन, म्हणजे बीटीई, शिबिरात किंवा सरकारी योजनेतून मिळालेलं असो की महागाचं, त्याची नळी आणि मोल्ड तेवढेच महत्त्वाचे. नळीचा ठरलेला आतला व्यास १.९३ मिमी, तिला १३ नंबर म्हणतात. भिंतीची जाडी वेगवेगळी येते. ताकदवान मशीनला जाड भिंतीची घ्या, पातळ भिंतीतून आवाज झिरपतो आणि शिट्टी वाजते. नळी तीन ते सहा महिन्यांत पिवळी आणि कडक होते. ती बदलणं हे स्वस्तातलं काम, आणि मशीनच्या आवाजात सगळ्यात जास्त फरक बहुधा यानेच पडतो. सलाईनची नळी कापून लावलेली मशीन बघायला मिळतात. आतला व्यास बदलला की आवाजाची घडण बदलते, तसं करू नका.

शिट्टी नेमकी कुठून येते ते घरी शोधता येतं. मशीन चालू करून मोल्ड हातात धरा, शिट्टी वाजेल. मोल्डच्या आवाजाच्या भोकावर अंगठा दाबा. हवेचं दुसरं भोक असेल तर तेही दुसऱ्या बोटाने बंद करा. शिट्टी थांबली तर मशीन आणि नळी ठीक, मोल्ड कानात सैल झालाय किंवा कानात मळ आहे. थांबली नाही तर नळी हुकापासून काढा आणि हुकाच्या टोकावर बोट दाबा. आता थांबली, तर नळीला चीर आहे. तरीही वाजतेय, तर हुक काढून मशीनच्या तोंडावर बोट दाबा. आता थांबली तर हुक तडकलाय, आणि अजूनही वाजतेय तर दोष मशीनच्या आत आहे, तेव्हाच सर्व्हिसला पाठवा. एवढं करून गेलात तर केंद्रात कुणी उगाच नवं मशीन गळ्यात मारू शकणार नाही.

हुक मॉडेलचाच लागतो. काही फिरवून बसतात, काही दाबून. लहान मुलांचा आकाराने छोटा.

चांगली मोल्ड सेवा ओळखायची ती माप घेताना. आधी ऑटोस्कोपने (कानात बघायच्या छोट्या दुर्बिणीने) कानात बघितलं पाहिजे. मग दोरा बांधलेला स्पंज किंवा कापसाचा बोळा आत, म्हणजे मापाचा मसाला पडद्यापर्यंत जात नाही. मग सिलिकॉनचे दोन रंगांचे गोळे समान घेऊन मळायचे आणि पिचकारीने भरायचे. कानात न बघता, बोळा न घालता कुणी मसाला भरायला लागलं तर तिथून उठा. माप घेताना तोंड उघड-मीट करायला सांगतात ते बरोबरच आहे. जबडा हलला की कानाचा आकार बदलतो. कडक ॲक्रिलिकचा मोल्ड वृद्धांना घालायला सोपा आणि टिकाऊ. मऊ सिलिकॉनचा मुलांना आणि मोठ्या ताकदीच्या मशीनला बरा. वाढत्या वयाच्या बाळाचा मोल्ड काही महिन्यांतच सैल होतो, तो खर्च आधीच धरून चाला.

नळी घरी बदलायचा हट्ट असेल तर जुनी ओढून काढा, नव्या नळीचं टोक तिरकं कापून तारेच्या फासाने मोल्डमधून ओढा, वळण मोल्डच्या बाहेर नीट बसलं की आतलं टोक सपाट कापा. मग मोल्ड कानात, मशीन कानामागे ठेवून हुकाजवळ खूण करा आणि तिथे कापा. चार मिलिमीटर जरी जास्त राहिली तर मशीन कानावरून वर उचललं जातं. मोल्ड मशीनपासून सोडवून कोमट साबणाच्या पाण्यात धुता येतो, मग रबरी फुग्याने नळीतलं पाणी उडवून रात्रभर वाळवायचा. थंडीत नळीत पाण्याचे थेंब धरतात, तेव्हाही हाच फुगा.

चार्जर, ओल आणि टीव्ही

रिचार्जेबल मशीनचा चार्जर एकाच कंपनीतही मॉडेलगणिक बदलतो. खाचेत मशीन बसलं म्हणजे चार्ज होतंय असं नाही; दिवा बघा. बहुतेक पुस्तिकांत चार्जिंगचं तापमान ५ ते ४० अंश सेल्सिअस दिलेलं असतं. इंदुरात मे महिन्यात वरच्या मजल्यावरची खोली दुपारी सहज याच्या पुढे जाते, दिवा लाल होतो आणि चार्जर खराब झाला असं वाटतं. रात्री, खालच्या खोलीत चार्ज करा, पण कूलरच्या झोतासमोर नाही, तिथली हवा ओली असते.

ओल काढायला सिलिका जेलची डबी पुरते, साध्या दुकानातली चालते. दाण्यांचा रंग बदलला की ते गरम करून पुन्हा वापरता येतात. झिंक-एअर सेल काढूनच मशीन डबीत ठेवा, नाहीतर सेल सुकतो. तांदळाच्या डब्यात मशीन ठेवू नका, त्याची पूड माइकच्या भोकात जाते. आयपी ६८ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) लिहिलेलं मशीनसुद्धा घामाच्या खारापुढे कायमचं टिकेल असं नाही. पावसाळ्यात डबी रोज वापरा.

टीव्हीचा आवाज सरळ मशीनमध्ये देणारे बॉक्स उत्तम वस्तू आहेत, घरात टीव्हीवरून होणारी भांडणं थांबतात. पण फोनॅकचा टीव्ही कनेक्टर फोनॅकच्या ऑडिओ बी-डायरेक्ट, मार्वल आणि त्यानंतरच्या मशीनशी जुळतो, कॉमपायलट (गळ्यात घालायचा जोडयंत्र) वापरणाऱ्या जुन्या मशीनशी नाही. ओटिकॉनचा, सिग्नियाचा, रिसाउंडचा आपापल्या पिढ्यांशी. घेण्याआधी टीव्हीच्या मागे बघा. गोल ३.५ मिमीचं हेडफोनचं भोक किंवा चौकोनी ऑप्टिकल, यांपैकी एक हवं. नव्या टीव्हींत पहिलं पुष्कळदा नसतं. ऑप्टिकल जोडूनही आवाज आला नाही तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाजाचं आउटपुट डॉल्बीवरून पीसीएम करून बघा. केंद्रात तुमचंच मशीन लावून, बॉक्सशी जोडून, आवाज येतो हे ऐकल्यावर पैसे द्या आणि बिलावर मशीनचा सिरियल नंबर लिहून घ्या.